चार-दहा

जेम्सटाउनला जमीन गोठायच्या जरा आधी
आर्डिस हाल्वर्सन ट्रक घेऊन वर्कशॉपात आली
आणि उतरायच्या आधीच म्हणाली,
"हा चढाला रडतो."

मागच्या जानेवारीत
कॅलिफोर्नियाच्या बदामबागांकडे निघाली होती,
ट्रेलरवर एकशेवीस पेट्या, वर जाळी.
डॉनरच्या घाटात इंजिनाची धाप,
तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला,
दुधाचे टँकरसुद्धा हॉर्न देत पुढे.
"माश्यांनाही कळलं," ती म्हणाली,
"की आपण रांगतोय."

चाक एकदा फिरावं म्हणून
आतल्या दांड्याने किती वेळा फिरायचं
एवढाच असतो हा आकडा.
तिच्या ट्रकला तीन-एकतीस.
नवऱ्याने मागवला होता, सेल्मरने,
सपाट रस्ता आणि पेट्रोलचा भाव बघून.
तिला हवं होतं चार-दहा.

सर्व्हिस मॅनेजर क्रेब्स म्हणाला,
"बाहेर कुठे हात लावलास तर वॉरंटी गेली समज."
"आणि इथे?"
"इथे... बघू."
"'बघू' कुठल्या पानावर छापलंय?"

मी जॅकखाली होतो. हसू दाबलं.

तिने पुस्तिका काउंटरवर उघडून ठेवली.
एक्केचाळीस हजार मैल झालेले,
साठ हजारांपर्यंत कंपनीचा शब्द.
आणि हाच ट्रक, ह्याच कारखान्यातून,
चार-दहा घालून दुसऱ्या कुणाला विकलेला
तिने शोधून आणला होता, भागाच्या नंबरसकट.
मग क्रेब्सने लिहून दिलं:
भाग कंपनीचा, हात आमचे,
संगणकाला नवा आकडा आम्हीच सांगू,
आणि त्यानंतर अ‍ॅक्सल बिघडला तर तो आमचा.
सहीच्या मध्यात पेन संपलं.
तिने आपलं दिलं, खाद्याच्या दुकानातलं फुकटचं.

दोन दिवस मी दातांत होतो.
दातांना पिवळा लेप लावायचा,
हाताने फिरवायचं, आणि बघायचं
दात दाताला कुठे टेकतो.
टोकाला नको, बुडाशी नको.
कागदाहून पातळ चकती काढायची,
तशीच दुसरी घालायची,
पुन्हा लेप, पुन्हा फिरव.
ह्याला घाई कळत नाही.

सेल्मर शब्दकोडं घेऊन
पिवळी रेघ ओलांडून आत आला.
"मायलेज किती पडेल?"
गॅलनमागे दीड मैल, मी म्हणालो.
त्याने समासात हिशेब मांडला.
"पुढचाही अ‍ॅक्सल बदलायलाच हवा?"
हवाच, म्हटलं. फोर-व्हीलवर टाकलं
की पुढचा एक आकडा म्हणणार, मागचा दुसरा.
कोरड्या रस्त्यावर दोघं एकमेकांना ओढत राहतात,
शेवटी काहीतरी तुटतं.

आर्डिस दारात उभी होती.
कुणीच काही बोललं नाही.
त्याने एक आडवा शब्द भरला.

तिसऱ्या दिवशी बिल. सेल्मरने कंठस्थ करायचा असल्यासारखा
क्रेब्सचा कागद वाचला, दोनदा.
मग बाहेर गेला, बर्फात गुडघे टेकून
काचेखालच्या पट्टीशी आकडे ताडून आला.
"शेवटी तीन आहे. तू आठ लिहिलायस."

एका आठापायी सगळा शब्द
कुठल्यातरी परक्या ट्रकला लागला असता.
क्रेब्सने आठ खोडला, तीन केला,
बाजूला पुन्हा सही. ह्यावेळी पेन चाललं.

मी नेहमीचं सांगितलं:
पहिले पाचशे मैल ट्रेलर जोडायचा नाही,
पंधरा मैलांनी थांबून गार होऊ द्यायचं,
मग तेल बदलायला इथेच यायचं,
आणि पावती जपायची.

आर्डिसने नवऱ्याकडे पाहिलं,
त्या तीन दिवसांत, माझ्या देखत, पहिल्यांदाच.
मग चावी त्याच्याकडे फेकली.
"पाचशे तू चालव. हळू जाणं
तुलाच जमतं."