पान सहाशे बारा

आधी नाव विचारायचं, मग पिनकोड,
मग दोन रकान्यांपैकी एकात रेघ:
बाजूने, विरुद्ध.
वाद घालायचा नाही. ‘कळवते साहेबांना’ म्हणायचं.
वॉशिंग्टनहून आलेल्या कागदावर असंच लिहिलं होतं.

नेब्रास्कातल्या ह्या ऑफिसात आम्ही दोघंच,
मी आणि शिकाऊ पोरगा कॅलेब.
शेजारी बंद पडलेलं बुटांचं दुकान,
समोर धान्याचे पांढरे सायलो,
आणि भिंतीवर रोलंड ओस्टरहाउट, हसत,
कुणाचं तरी वासरू कुशीत घेऊन.

मतदान पहाटे तीन चाळीसला झालं.
आठशे सत्तर पानं.
त्यांनी ती वाचली होती का, मला ठाऊक नाही.
मी तरी कुठे वाचली होती?

आठ वाजता पहिला फोन, लव्होन नोव्होट्नीचा.
वय एक्याऐंशी. तीन निवडणुका
हिनंच आमची पत्रकं दारोदार वाटलेली,
बर्फात, नवऱ्याचे बूट घालून.
“पान सहाशे बारा,” ती म्हणाली, “उघडलंयस?”
मी म्हटलं, कळवते साहेबांना.
“त्यांना मागाहून. आधी तू उघड.”

उघडलं.
पोटकलम, त्याच्या पोटात आणखी एक,
‘ह्या शब्दांच्या जागी पुढील शब्द वाचावेत.’
आमच्या हॉस्पिटलचं नाव नव्हतं कुठे.
सोळा खाटा, एक एक्स-रे मशीन,
मंगळवारचं डायलिसिस, त्यात तिचा एमिल.
काहीच नव्हतं. फक्त एक आकडा
थोडासा खाली सरकवलेला,
शिडीची खालची पायरी काढून न्यावी
आणि म्हणावं, शिडी तर आहे की तिथेच.

तोंडाला पानं पुसतात हे ऐकून होते.
पानांवर नंबर घातलेले असतात, हे नव्हतं माहीत.

खोटं कशाला बोलू, बाजूनेही फोन आले.
मांस कारखान्यातला डॅरिल खूश होता,
ओव्हरटाइमवरचा कर उतरला म्हणून.
त्याची रेघ मी इतरांइतकीच सरळ ओढली.

ऑगस्टमध्ये शाळेच्या जिममध्ये सभा.
साहेब बोलले: बचत, शिस्त, नातवंडांवरचं कर्ज.
अर्ध्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.
मग लव्होन उठली, चष्मा पुसला,
आणि सहाशे बारावं पान वाचायला लागली.
स्वल्पविरामासकट. आवाज न चढवता.
चौथ्या मिनिटाला माइक बंद केला कॅलेबनं,
मीच त्याला खूण केली होती.
ती वाचतच राहिली.
मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत नव्हतं काही,
तरी मागची रांगच आधी उभी राहिली.

नोव्हेंबरात कुणी पक्ष बदलला नाही.
आमच्या काउंटीत तशी रीतच नाही.
वरपासून खालपर्यंत सगळी वर्तुळं भरली लोकांनी,
त्यांच्या नावापुढचं तेवढं कोरं ठेवलं.
चारशे अकरा मतांनी गेले.
चारशे दहाच इतरांची म्हणायची.

खोकी बांधताना रेघांचे कागद सापडले.
विरुद्ध: दोन हजार तीनशे अठरा.
साहेबांना कळवलं का, असं कुणी विचारलं नाही,
आणि मी सांगितलंही नाही
की रोज संध्याकाळी सहाला पाठवत होते,
एकदाही उघडल्याची खूण आली नाही.

जानेवारीत नव्या बाई आल्या, नवा फोटो आला.
फोन नंबर तोच राहिला, आणि मीही.
हॉस्पिटल मार्चमध्ये बंद झालं.
निवडणुकीनं माणूस बदलतो,
पान शाईनं लिहिलेलं असतं.
लव्होन आता दर मंगळवारी एमिलला घेऊन
एकशे दहा मैल जाते आणि तितकीच परत येते.

काल परत फोन होता.
मी नाव विचारलं नाही, पिनकोडही नाही.
ती म्हणाली, “रस्त्यात गारा आहेत का, बघून सांग.”
मी खिडकीशी जाऊन बराच वेळ बघितलं.
दोन्ही रकाने कोरे ठेवले.