दोन बोटं खाली

तार सरकलीये, ब्रेडन म्हणाला,
दोन बोटं खाली.
एक्स-रेवर पेनाचं टोक ठेवून दाखवलं त्याने,
जसं मी नव्या ड्रायव्हरला दाखवायचे
हँकॉकच्या उतारावर बस कुठे घसरते ते.

ब्रेडन डॉक्टर नाही. कंपनीचा माणूस.
सव्वीस वर्षांचा, बूट इतके स्वच्छ
की तो इथला नाही हे बर्फालाही कळतं.
मिसेस केंप्पाइनेन म्हणताना दरवेळी अडखळतो.
त्याच्या मांडीवरच्या टॅबलेटमध्ये मी आहे:
एक पाठमोरी बाई, करड्या रंगाची,
मणक्यावर आठ ठिपके.
तो बोट वर सरकवतो. आता?
आता बरगडीत.
आता?
आता, पोरा, सांगण्याजोग्या जागी नाही.
तो कानापर्यंत लाल होतो.
पाय मात्र तसाच. उजवा. ज्याच्यासाठी हे सगळं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं
आणि मुंगीच्या पावलांनी जातं, म्हणतात.
माझा हत्ती बसलाय अजून, घोट्यापासून कंबरेपर्यंत पसरून.
मुंग्या तेवढ्या निराळ्या आल्या,
बॅटरीवर चालणाऱ्या.

रोज दुपारी दीड तास
कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत.
भिंतीपासून माझ्यापर्यंत वायर.
आर्वो म्हणतो, ट्रॅक्टरलाही मी थंडीत असंच लावून ठेवतो,
सकाळी सुरू व्हावा म्हणून.
सत्तेचाळीस वर्षांत त्याने माझ्याशी केलेलं
हे सगळ्यात प्रेमाचं बोलणं.
मी हसले, आणि हसताना
ती आत उलटली. काडेपेटीएवढी, कातडीखाली.
उलटली की चार्ज घेत नाही.
मग अंगठ्याने तिला सुलटी करायची,
हळूहळू, पोटातलं पोर चाचपावं तशी.

सौना बंद. पुस्तिकेत लिहिलंय, पान एकशे बारा.
शनिवारी बाकीचे आत जातात,
मी बाहेरच्या बाकावर टॉवेल सांभाळते
आणि दाराच्या फटीतली वाफ तोंडावर घेते.

मला कुणी फसवलं नाही.
सांगायला हेच अवघड आहे.
आधी एक आठवडा चाचणी असते,
तार पाठीबाहेर, टेपने चिकटवलेली.
त्या आठवड्यातल्या गुरुवारी
मी बंदराच्या धक्क्यावर शेवटपर्यंत चालत गेले,
दीपगृहाच्या लोखंडी दाराला हात लावला,
परत आले,
आणि उभ्याने बटाटे सोलले.
अख्खे पाच पौंड. नको होते तरी.
मी सही केली ती त्या बटाट्यांवर.

वाचनालयाच्या दारात चोर पकडायच्या दोन फळ्या आहेत.
त्यांच्यामधून जाताना पाठीत
कुणी ओला चाबूक ओढावा तसं होतं.
पहिल्यांदा हातातली तिन्ही पुस्तकं पडली.
विल्मा काउंटरमागून काही बोलली नाही.
पण आता ती खिडकीतून माझी काठी बघते
आणि मी पोचेपर्यंत फळ्यांचा प्लग काढून ठेवते.
परवा तेवढ्या वेळात एक पोरगा
कोटात कॉमिक घालून सटकला.
विल्माने पाहिलं. मीही.

मार्क्वेटच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तारखा दिल्यात.
एकीला तार पुन्हा वर ओढायची,
दुसरीला सगळं काढून टाकायचं.
सगळं म्हणजे जवळजवळ.
एक टोक मांस धरून बसलंय, ते राहील कदाचित.
शुक्रवारपर्यंत कळवा.

आज बुधवार.
पट्टा बांधलाय. हिरवा दिवा तिसऱ्या रेघेवर अडलाय.
तळ्यावरून बर्फ येतंय, आडवं.
साडेतीनला खिडकीखालून चौदा नंबर जाते, माझी.
नवी ड्रायव्हर वळणावर ब्रेक उशिरा लावते.
इथे खुर्चीत माझा उजवा पाय
जमिनीवर दाबला जातो,
दुखतो,
आणि दाबलेलाच राहतो
तुओमेलांचं धाकटं पोर
उतरून रस्ता ओलांडेपर्यंत.