वाढत्या अंगाची माळ

पहाटे साडेतीनला कोल्हापूरच्या फूलबाजारातून
साताप्पाचा टेम्पो गावात शिरतो.
चार पोती झेंडू, एक शेवंतीचं,
आणि निशिगंध ओल्या फडक्यात,
दवाखान्यातून घरी आणलेल्या बाळासारखा.
तालमीत ताडपत्री अंथरलेली असते.
लाल मातीला आज सुट्टी.

कुणी कुणाला बोलावत नाही.
केरबा कारखान्याची रात्रपाळी संपवून तसाच येतो,
अंगाला मळीचा वास.
डेअरीतली सुलाबाई येते, सातवीतली पोरं येतात,
परशूनाना येतात, बेळगावला बावीस वर्षं काढलेले,
सुई ओवता येत नाही
पण हुकूम अजून सोडतात :
गाठ पक्की मारा, सरकफास नको.

मी मापं घेतो.

टेप माझाच आहे,
भरतीच्या तयारीला गंगावेशीत घेतलेला.
छाती फुगवून ब्याऐंशी लागायची.
साडेएक्क्याऐंशीला थांबली.
तीन वेळा. तीन गावांत. तीन वेगळ्या साहेबांपुढं.
मग वय निघून गेलं आणि टेप राहिला.
आता त्यानं दगडाचे गळे मोजतो.

भिकाजी चौगले, पासष्टचे : मान आखूड,
मूर्तिकारानं घाईत बसवलेली.
धोंडीराम यांचा पुतळाच नाही,
भिंतीवर नाव, नावावर खिळा,
खिळ्याला लागते अठरा इंच.
सगळं वहीत आहे.
दर वर्षी तेच आकडे, तरी दर वर्षी मोजतो.
दगड वाढत नाही हे मला माहीत आहे.

गौसचं मात्र मला जमेना.
ओढ्यापलीकडं, करंजाखाली त्याची कबर.
पहिल्या साली टेप घेऊन उभा राहिलो
आणि कळेचना, कुठून धरायचं.
कबरीला गळा नसतो.
दस्तगीरचाचा बांधावर बसले होते,
बिडी न पेटवता नुसती फिरवत.
म्हणाले, पाच फूट सात इंच धर.
भरतीत लिवून घेतलेली तेवढीच हाय.
मी वहीत लिहिलं.
हात हलला, सातचा एक झाला,
तो मी अजून दुरुस्त केला नाही.

त्याला माळ नाही, जाळं विणतो आम्ही.
केळीच्या सोपाचे पदर, वीतभर अंतरानं गाठी,
गाठीत झेंडू, चौकटीत शेवंती.
चार जण चार कोपरे धरून ओढा ओलांडतात
आणि केरबा दर वर्षी त्याच दगडावर घसरतो.

पण हौसाक्काशी माझं भांडण ठरलेलं.
युवराजची माळ ती दुसऱ्या कुणाला ओवू देत नाही
आणि ती कायम दीड वीत जास्त भरते.
आक्का, सव्वीस इंच म्हटलं होतं.
ही खाली चौथऱ्याला टेकती.
टेकू दे, ती म्हणाली.
दातात दोरा होता, तो तोडून म्हणाली,
एकुणीसचा होता रं.
पोराला कापड घेताना
वाढत्या अंगाचं घ्यावं.

परशूनाना उगीच खोकले.
सुलाबाईनं पोत्यात हात घालून
नसलेली फुलं बराच वेळ शोधली.
मी वहीतलं सव्वीस खोडलं
आणि पुढं काहीच लिहिलं नाही.

आठला बिगूल, पोरांची रांग, सरपंचांचं लांबलेलं भाषण.
नऊला तालीम झाडून घेतली.
नखांत झेंडूचा पिवळा, दोन दिवस जात नाही,
भाकरीलासुद्धा कडवट वास येतो.

संध्याकाळी ओढ्यापलीकडं गेलो, सोप गोळा करायला.
एक शेळी जाळ्यावर चढलेली,
पायथ्यापासून शेवंती खात खात
निवांत छातीपर्यंत आलेली.
मी दगड उचलला.
राहू दे, बांधावरून चाचा म्हणाले,
शाळा बुडवून तो शेरडंच राखायचा.

दगड खाली ठेवला.
शेळीनं एकदा मान वर करून बघितलं,
आणि पुन्हा खाली घातली.