काडेपेटी

झुरळ आमच्याच खोलीतलं होतं.
नारायण पेठ, दुसरा मजला, मोरीपाशी.
काड्या खिडकीत ओतून हृषीकेशनं
ते पेटीत घातलं
आणि ढमढेरेकाकूंच्या खाणावळीत नेलं.
मोबाइल मी धरला होता.

आमटी वाफाळत होती.
झुरळ मात्र वर, कोरडं ठणठणीत.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

रडला मात्र छान, पोट धरून.
रात्रीपर्यंत अख्खं पुणं हळहळलं.
औषधपाण्याला म्हणून
अनोळखी लोकांनी पाठवले
चव्वेचाळीस हजार सहाशे.
काकूंनी वर पाच हजार दिले.
पाकिटाला हळदीचं बोट लागलं होतं.

'उधारी मागू नये. उपाशी जाऊ नये.'
ती पाटी आता उतरवली आहे.
तिच्या जागी भिंत थोडी पांढरी दिसते.
उधारीच्या वहीत माझे दोन महिने असतील,
वही कुठे गेली, माहीत नाही.

परवा भरत नाट्य मंदिरापाशी काकू दिसल्या.
मी चप्पल बघत उभा राहिलो.
त्याच जवळ आल्या.
"पोट बरं आहे का रे त्याचं?"

हो म्हणालो.

काड्या अजून खिडकीतच आहेत.
पेटी नाही.
ओढायच्या कशावर?