तीन थेंब

शनिवारी सात वाजले की
आन्सेल्मो मुरंब्याची जुनी बरणी पुसतो.
शेकर होता एकदा, स्टीलचा,
नणंदेनं, सोराइदानं, लग्नात दिलेला.
त्याचं झाकण अडकलं आणि यानं हातोडी घेतली.
असो.
बरणी बरी. आत काय चाललंय ते दिसतं तरी.

तीन मापं पिस्को,
एक माप लिंबू, एक माप साखरेचा पाक,
एका अंड्यातलं पांढरं.
माप म्हणजे आमचा अंडं ठेवायचा कप,
कडेचा टवका उडालेला.
लिंबं सुर्कीयोच्या बाजारातली,
गोटीएवढी, हिरवी, जिभेला चावणारी.
पिळायची एकदाच, हलक्या हातानं.
दुसऱ्यांदा दाबलं की साल कडू बोलते.
हे तो मला दर शनिवारी सांगतो,
जशी काही एकतीस वर्षं मी
दुसऱ्याच कुणाच्या घरी पीत होते.

बाहेर लिमाचं आभाळ,
इथे म्हणतात तसं, गाढवाच्या पोटाच्या रंगाचं.
पाऊस नाही. नुसती गारुआ,
भिजवतही नाही, वाळूही देत नाही.
दोरीवरचे मोजे जूनपासून विचार करताहेत.

काल्याओच्या धक्क्यावर तो मासळी तपासायचा.
सव्वीस वर्षं.
क्रेटवर वाकायचा, एक श्वास,
आणि निकाल: कालची. परवाची. फेका.
कोळी म्हणायचे, हा नाकानं कांदे सोलतो.
सोलायचाच. पगार त्याचाच होता.

मग एक ताप आला.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
दूध नासलं तरी हा कॉफीत ओतायचा.
घरी आला की माझ्या मानेत तोंड खुपसायचा,
तेही बंद झालं.
मी विचारलं नाही. काय विचारणार?

शनिवार मात्र सोडला नाही.
नाकाच्या जागी कान लावला कामाला.
आधी बर्फाशिवाय हलवायचं:
जाड, ओला आवाज,
चिखलातून चप्पल उपसल्यासारखा.
मग बर्फ.
खडे आधी भांडतात,
मग त्यांच्या कडा झिजतात, आवाज गोल होतो,
काच बोटांना चिकटायला लागते.
"झालं," म्हणतो.
झालेलं असतं.

ओतलं की फेस वर येतो, बोटभर.
त्यावर कडू अर्काचे तीन थेंब.
सोराइदाला वाटतं, शोभेसाठी.
शोभा कसली.
कच्च्या अंड्याला वास येतो, ओल्या कुत्र्याचा,
आणि ओठांच्या आधी नाक पोचतं ग्लासापाशी.
थेंब त्या वासावर पांघरूण घालतात.
त्याच्या ग्लासात त्यांचं काही काम नव्हतं,
दोन वर्षं.
तरी घालायचा. मोजून.

काल सोराइदा तिच्या गुडघ्याबद्दल सांगत होती,
डावा, मग उजवा, मग डॉक्टरची फी.
तिच्या ग्लासात तीन.
माझ्या ग्लासात तीन.
स्वतःच्या ग्लासावर बाटली तिरकी धरून
तो उभाच राहिला.
"तुझे थेंब राहिले," सोराइदा म्हणाली.
त्यानं दुसरा हात वर केला. थांब.
मग वाकला,
क्रेटवर वाकायचा तसा, पाठ सरळ ठेवून.
एक श्वास.
आणखी एक.

"अंडं," म्हणाला. "गुरुवारचं."

अंडी मी बुधवारी आणली होती.
बोलले नाही.
एवढ्या दिवसांनी एका दिवसाची चूक
धक्क्यावरही माफ केली असती.

बाटलीला बूच लावून त्यानं तसाच घेतला,
त्या घाणेरड्या वासासकट, सावकाश,
मध्येच थांबून, पुन्हा हुंगून.
फेस मिशीला लागला, तिथेच राहिला.
सोराइदा म्हणाली, माणसं म्हातारी झाली की बिघडतात,
आणि आपला ग्लास पुढे सरकवला, अजून थोडं.

रात्री झोपताना
मी मानेला अत्तर लावलं नाही.