उतरणीचं बटण

सप्टेंबर सरत आला की बिगहॉर्नच्या माथ्यावरचं गवत गंजतं,
आणि मेंढ्या खाली न्यायच्या असतात.
साठ माद्या, दोन मजली ट्रेलर,
पुढे आमचा डिझेल पिकअप,
ज्याचा डावा आरसा टेपने चिकटवलेला.
मी सतरा वर्षांचा. स्टिअरिंग माझ्या हातात.
शेजारी इझेबा ग्रासियाना, म्हणजे माझी आत्या,
मांडीवर थर्मास. थर्मासला झाकण नाही.

टेन स्लीपकडून चढताना गाडी सारखी गिअर बदलत होती,
वर, खाली, पुन्हा वर,
झोप न येणाऱ्या माणसाने कूस बदलावी तशी.
आत्या बोलली नाही. चुकू दिलं मला.
खिंडीच्या पाटीपाशी मात्र म्हणाली, "दाब."

दांड्याच्या टोकाला नखाएवढं बटण.
काट्यांच्या मधोमध एक पिवळा ट्रक उजळला,
चिमुकला, मागे चिमुकला ट्रेलर घेऊन.
बाकी काही झालं नाही.
मला वाटलं होतं, काहीतरी होईल.

मग रस्ता पुढे कलला
आणि मागून वजन आलं.
धक्का नाही. पेंगुळलेलं पोर पाठीवर रेलतं तसं,
आधी थोडं, मग सगळं.
माझा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

"उचल."
"पण आत्या..."
"एकदाच दाब, नीट दाब. मग उचल. पुढचं तिला करू दे."

दाबला. उचलला.
इंजिन एक गिअर खाली बसलं आणि ओरडलं,
काटा तीन हजारांवर,
मागे मेंढ्यांचे खूर पत्र्यावर सरकले.
फुटणार आता, मी म्हटलं.
"ओरडू दे. गप्प गाड्यांची भीती वाटते मला."

उजव्या हाताला तो खडीचा पट्टा येतो,
सुटलेल्या ट्रकांसाठी डोंगरात उलटा चढवलेला.
खडी नुकती विंचरलेली होती.
दरवर्षी त्या वळणावर
आत्या थर्मासमध्ये बघते.
त्या साली आतोबांच्या ब्रेकला कुठून वास यायला लागला
आणि तिथून पट्टा किती लांब होता,
हे आमच्या घरात कुणी मैलांत सांगत नाही.

पायथ्याला तिने गाडी थांबवायला लावली,
खाली उतरून चाकाजवळ तळहात धरला,
तवा तापला का बघतात तसा, न टेकवता.
"कोमट," म्हणाली, आणि परत येऊन बसली.
माझी शाबासकी ती एवढीच.

बफेलोच्या फाटकात मेंढ्या मोकळ्या केल्या.
घरी येताना ट्रेलर रिकामा, नुसता खडखडत होता.
रस्ता सपाट, तरी गाडी गिअर सोडेना,
कण्हत कण्हत चालली होती.
पिवळा ट्रक अजून उजळलेलाच.
आत्या हसली.
"काढ ते आता, बेन्यात. मागे कुणी नाही."

बटण दाबलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला,
कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखा.
पुढचे तीन मैल
तिने खिडकीची कड धरून ठेवली होती.