ढकलू नकोस

अजमानच्या सनाइयात, टायरच्या दुकानावर,
जिना चढतानाच जिथे रबर नाकात बसतं,
सेबुन्या मला म्हणाला, मार.
मी मारलं.
वाळूची पिशवी जराशी मागे गेली
आणि सावकाश परत येऊन मलाच लागली.

लोकेंद्र हसला. वय चोवीस, टाचा हलक्या.
माझं एकेचाळीस. टाचांचं बघू.

सेबुन्या रात्री मॉलच्या दारात उभा असतो,
निळ्या गणवेशात, लोकांच्या पिशव्या तपासत.
चार ते सहा तो आमचा उस्ताद.
पोरगा कंपालाचा, हिंदी इथली:
"तुम धक्का देता. मारता नहीं.
क्या काम करता?"

लाँड्री. इस्त्री.
अकरा वर्षं, दिवसाला नव्वद कंदुरे,
पांढऱ्यावर पांढरा, की संध्याकाळी
भातसुद्धा चुरगळलेला दिसतो.

तो माझ्या उजव्या खांद्याकडे बघत राहिला,
गिऱ्हाईक कॉलरकडे बघतं तसा.
म्हणाला, तुझा खांदा तुझ्याआधी पोचतो.

मग तीन आठवडे नुसते पाय.
डावा पुढे, उजव्याची टाच वर, गुडघे सैल.
ठोसा टाचेतून निघतो म्हणे, कमरेत वळतो,
हात म्हणजे फक्त शेवटचा स्टॉप.
कोपर बाहेर गेलं की तो ओरडतो, "मुर्गी!"
मारण्याआधी मी हात मागे खेचायचो,
हात दाखवून अवलक्षण, अगदी शब्दशः,
लोकेंद्रला माझ्या ठोशाआधी त्याचं पत्र पोचायचं.
मूठ आवळून धरली की सेबुन्या बोटं उलगडायचा, एकेक.
आमच्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची, मी सांगितलं.
"दिरहम में कितना?" त्याने विचारलं.
मूठ शेवटच्या वितीला मिटायची.
तोवर समज बोटांत चपातीचा गोळा आहे.
कंपालात चपाती लाटतात, हे मला तेव्हा कळलं.

आणि प्रत्येक ठोशामागे एकच शब्द: वापस.
हात गालाशी वापस. जल्दी वापस.
माझा हात पिशवीवर रेंगाळायचा,
पाहुणा दारात चपला घालून बोलत राहतो तसा.

एक सांगायचं राहिलं.
हाताला गुंडाळायच्या पट्ट्या मी इस्त्री करून नेतो.
पहिल्या दिवशी सगळे खिदळले.
आता दर गुरुवारी सात जणांच्या पट्ट्या
माझ्या टेबलाखाली गुपचूप येऊन पडतात.

काल रात्री वाफेत एकटाच होतो,
शिहाब जेवायला गेलेला.
एक कंदुरा पसरला आणि थांबलो.
डावा हात आधी जातो.
सुरकुती चाचपतो, वाट करतो, निघून येतो.
मागून उजवा, वजन घेऊन.
अकरा वर्षं डावा हेच करतोय
आणि पगार उजव्याच्या नावावर.

टेकवून विसरलं तर काय होतं, तेही माहीत आहे.
मार्चमध्ये घरून फोन होता.
पाठीवर उमटला त्रिकोण, बदामी,
कापले ऐंशी दिरहम. गिऱ्हाईक काही बोलला नाही,
डागाला फक्त एकदा बोट लावून गेला.

मी टेबलापाशी टाच वळवून पाहिली.
शिहाब परत आला तेव्हा मी शून्यात
डावा, उजवा, डावा करत होतो.
"साब का कपड़ा है," तो इतकंच म्हणाला.

आज चार वाजता
डावा गेला आणि आला.
पिशवी हलली नाही, नुसती दचकली.
तापल्या इस्त्रीवर पाण्याचं बोट झटकावं
तेवढाच आवाज.
सेबुन्याने घड्याळातून मान वर केली.
"वापस अच्छा. अब सौ बार."

चौतीसपर्यंत जमलं.
पस्तिसाव्याला पुन्हा ढकललं, मुर्गी वगैरे सगळं.
पिशवी मागे गेली, सावकाश परत आली.
मी अर्धं पाऊल बाजूला होतो.